मूल सोबत आहे असे आम्हांस वाटले



लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाचा शेवटचा भाग आज आम्ही उपदेशासाठी घेतला आहे. जन्माचा वृत्तांत सोडला, तर आपल्या प्रभूच्या बालपणाची एवढी एकच गोष्ट शुभवर्तमानांत सांगितलेली आहे. तो बारा वर्षांचा असता आईबापांबरोबर वल्हांडण सणासाठी यरुशलेमेस गेला. सणाचे दिवस संपल्यावर गावोगावची मंडळी आपापल्या वाटेस लागली, आणि तो मागे शहरातच राहिला. आईबापांस हे ठाऊक नव्हते. पुढे तीन दिवसांनी तो त्यांस मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला, त्यांचे बोलणे ऐकत व त्यांस प्रश्न विचारीत असलेला आढळला.

उपदेशक बंधू या गोष्टीवर बोलतात, तेव्हा बहुधा एकदम मंदिरात जाऊन पोहोचतात. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच केले. परंतु मंदिरापूर्वी एक दिवसाची वाटचाल आहे, आणि आज आमचे सांगणे तिच्याविषयी आहे. मरीया व योसेफ ही काही निष्काळजी माणसे नव्हती. दरवर्षी सणास जाणारी, देवाचे भय बाळगणारी, कष्टाची भाकरी खाणारी अशी ती होती. मुलाविषयी त्यांस कोणी खोटे सांगितले नाही, कोणी फसविले नाही. बरोबरच्या लोकांत तो कोठे तरी असेलच, एवढे त्यांनी मनाशी धरले आणि दिवसभर चालत राहिली. नंतर सोयऱ्यांत व ओळखीच्या लोकांत शोध घेऊ लागली, तेव्हा मूल नाही हे कळले. ते तर सकाळीच मागे राहिले होते. कळावयास मात्र दिवस मावळला.

आता आपल्या घरांकडे पाहू. रात्रीचे जेवण आटोपले आहे. बाप ओट्यावर बसून मोबाइलवर बाजारभाव पाहत आहे, आई मालिका पाहता पाहता भांडी आवरीत आहे, आणि बारा वर्षांचा मुलगा भिंतीस टेकून, मान खाली घालून, दोन्ही अंगठ्यांनी मोबाइलवर खेळत आहे. कोणी विचारले, मुलगा कोठे आहे, तर आई म्हणेल, "हा काय, घरातच आहे." तो नदीवर गेलेला नाही, टवाळांबरोबर फाट्यावर उभा नाही, तंबाखू मळीत नाही, असे तिला समाधानही वाटेल. ते समाधान अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. येथे एक भेदही सांगितला पाहिजे, नाही तर आम्ही शास्त्राची ओढाताण केली असे होईल. प्रभू मागे राहिला तो जाणत्या माणसांत, ऐकत व विचारीत राहिला. आमची मुले मागे राहतात ती कोठे, हे आम्हांस ठाऊकसुद्धा नसते. म्हणून या गोष्टीतून आज आम्ही दृष्टांत घेतो तो आईबापांचा. मुलाचा घेत नाही.

प्रथम आमच्याच दोषाची हकिकत सांगतो. आमच्या एका मंडळीत एक मुलगा आहे. त्याचे नाव व गाव सांगण्याचे कारण नाही. तो बोलताना अडखळतो. नऊ वर्षांचा असता त्यास रविवारच्या शाळेत पाठ केलेले वचन म्हणावयास उभे केले. पहिल्याच अक्षरावर तो अडला. मुले हसली, आणि शिकविणारे जे आम्ही, आम्हीही हसलो. मनात वाईट काही नव्हते, परंतु हसलो. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही. आईस विचारले, तर ती म्हणाली, "पोट दुखतंय म्हणतो." आम्ही दारातच प्रार्थना केली व पुढच्या घरी गेलो.

तीन वर्षांनी त्याच मंडळीत आम्ही मोबाइलच्या व्यसनावर उपदेश केला. लोकांस तो फार आवडला. आईबापांनी माना डोलावल्या, एका वडील बंधूंनी तर बाहेर येऊन आमचा हात हाती घेतला. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या बापाने मोबाइल फरशीवर आपटून फोडला, आणि मुलगा दोन दिवस जेवला नाही. आईने निरोप पाठविला, "पाळकसाहेब, तुम्हीच येऊन बघा."

आम्ही गेलो. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. समजूत घालण्याचा आमचा सर्व साठा संपला, तेव्हा दुसरे काही सुचेना म्हणून आम्ही विचारले की, बाबा, त्या खेळात असते तरी काय? तो उठून बसला. अडखळत, थांबत, तो सुमारे अर्धा तास बोलला, आणि त्याचे शब्द आपण पुरे करून देण्याची आमची खोड आम्ही त्या दिवशी आवरली. त्याचे तीन सोबती होते. एक नागपूरचा, एक आसामचा. तिसरा कोठला हे त्यास ठाऊक नव्हते. एकाचेही तोंड त्याने पाहिले नव्हते, खरी नावेही ठाऊक नव्हती. ते बोलत, हा टंकून उत्तरे देई. "एवढे काय आवडते रे तुला त्यांचे?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "मी पडलो की ते मला उठवाया येतात."

त्याचा अर्थ आम्हांस मागाहून कळला. त्या खेळात गोळी लागलेला खेळाडू एकदम मरत नाही. गुडघ्यांवर येऊन रांगू लागतो. त्याच्या गटातील कोणी जवळ येऊन काही क्षण थांबला, तर तो पुन्हा उभा राहतो. उठवावयास येणारा त्या वेळी स्वतः गोळीच्या माऱ्यात असतो, तरी पुष्कळदा येतो. बंधूंनो, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तो मुलगा आमच्या शाळेत तीन वर्षांपूर्वी पडला होता, आणि आम्ही त्याच्या पोटदुखीसाठी दारात प्रार्थना करून परत फिरलो होतो.

ज्याचा निषेध करावयाचा ते आधी नीट जाणून घ्यावे, हे आम्ही तेव्हा शिकलो. म्हणून ज्या वडील मंडळींनी हे खेळ केवळ दुरून पाहिले आहेत, त्यांच्याकरिता थोडे लिहितो. पडद्यावरचे खेळ आजकालचे नव्हेत. १९७२ साली अमेरिकेत पाँग नावाचा खेळ निघाला. त्यात एक ठिपका इकडून तिकडे जाई, आणि दोन माणसे शेजारी उभी राहून तो टोलवीत. म्हणजे खेळणारा व त्याचा प्रतिस्पर्धी यांचे खांदे एकमेकांस लागत. पुढे तारा आल्या, मग ताराही गेल्या, आणि आता सोबती हजार कोसांवर असतो. सर्व खेळ एका मापाने मोजू नयेत. काही खेळांत मुले विटेवर वीट रचून घरे व गावे बांधतात. काही जुनेच आहेत. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर मोबाइलवर जो लुडो खेळला गेला, तो आपल्या पचिशीचाच वंशज आहे. काही मात्र सरळ जुगार होते. पैसे लावून खेळावयाचे ते खेळ ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून मना केले, आणि ज्या घरांचे दागिने त्यांत गेले, त्या घरांपुरता हा कायदा उशिराच झाला असे म्हटले पाहिजे.

आमच्या मुलाचा खेळ चौथ्या प्रकारचा. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, आणि शेवटी जो किंवा जो गट उरेल तो जिंकतो. एक डाव चांगला अर्धा तास चालतो, व तो मध्येच थांबवून ठेवता येत नाही. ही लहानशी गोष्ट प्रत्येक आईने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपण चुलीजवळून हाक मारतो, "ठेव तो मोबाइल आणि जेवायला ये," तेव्हा आपल्यास ते एक खेळणे खाली ठेवण्यासारखे वाटते. त्यास मात्र तीन सोबत्यांस रणात टाकून पळण्यासारखे वाटते. म्हणून तो खेकसतो. त्या खेकसण्याचे आम्ही समर्थन करीत नाही. परंतु डाव सुरू होण्यापूर्वी "हा एक डाव, मग जेवण" असे ठरविले असता ज्या घरी रोज तंटा होई तेथे तो पुष्कळ कमी झालेला आम्ही पाहिला आहे.

आता विद्वान लोक काय म्हणतात ते पाहू. या विषयात भिती घालणारे पुष्कळ व तपास करणारे थोडे आहेत. नॉर्वे देशातील ट्रॉनहाइम शहरात ८७३ मुलांचा तपास करण्यात आला. सहाव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी त्यांची पाहणी केली. मूल किती वेळ खेळते ते विचारले, आणि ते इतरांशी कसे वागते, मिळूनमिसळून राहते काय, हे त्याच्या शिक्षकांकडून जाणून घेतले. त्याचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. जास्त खेळल्यामुळे मुले पुढे माणूसघाणी झाली, असे सामान्यतः आढळले नाही. केवळ दहा वर्षांच्या ज्या मुली फार खेळत, त्यांचे इतरांशी जुळवून घेणे बाराव्या वर्षी काहीसे उणे आढळले. याच्या उलट दुसरी गोष्ट दिसली: आठ व दहा वर्षांच्या ज्या मुलांस सोबत्यांत मिसळणे जड जात होते, ती दोन वर्षांनी अधिक वेळ खेळत असलेली आढळली.

वाचकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. आम्ही व्यासपीठावरून सांगत होतो की, खेळामुळे मूल एकटे पडते. तेथे दिसले ते असे की, एकटे पडलेले मूल खेळाकडे जाते. नॉर्वे आमच्याहून फार निराळा देश आहे, आणि एका शहराच्या तपासाने जगाचा निवाडा होत नाही, हे आम्हांस कळते. तरी आमच्या अडखळणाऱ्या मुलाची हकिकत त्याच्याशी इतकी जुळते की, आम्हांस ती नाकारता येत नाही. ब्रिटनमध्येही सुमारे ५,००० मुलांच्या पाहणीत, २०१४ साली, असे दिसले की, दिवसास तासाहून कमी खेळणारी मुले मुळीच न खेळणाऱ्यांपेक्षा थोडी बरीच होती, आणि दिवसाचे तीन तासांहून अधिक खेळणारी मात्र वाईट स्थितीत होती. यात कारण कोणते व परिणाम कोणता हे त्या पाहणीने ठरत नाही.

याचा अर्थ भय मुळीच नाही असा कोणी करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकारास आपल्या रोगांच्या यादीत स्थान दिले, आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. खेळावर स्वतःचा ताबा न राहणे, खाणे-झोप-अभ्यास या सर्वांआधी खेळ येणे, आणि नुकसान दिसत असूनही तो वाढतच जाणे, ही लक्षणे बहुधा वर्षभर टिकली तर तो विकार समजावा असे तीत सांगितले आहे. खेळणाऱ्यांपैकी थोड्यांसच तो होतो. ज्यास होतो त्यास मारहाण किंवा अंगारा यांचा उपयोग नाही. आणि नुसत्या प्रार्थनेवर भागवून डॉक्टरांस टाळणे हेही आम्हांस मान्य नाही. सरकारच्या टेली-मानस या सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तेथे पैसे पडत नाहीत, व मराठीतही बोलता येते.

परंतु बहुतेक मुलांचा प्रश्न रोगाचा नाही, सोबतीचा आहे. लूक आपल्या गोष्टीच्या शेवटी सांगतो की, तो मुलगा नासरेथास परत आला, आईबापांच्या आज्ञेत राहिला, आणि ज्ञानाने, शरीराने, तसाच देवाच्या व माणसांच्या प्रसन्नतेत वाढत गेला. ज्ञानासाठी आपण शाळेचे शुल्क भरतो, शरीरासाठी भाकरी-दूध देतो, देवाच्या गोष्टींसाठी रविवार ठेवतो. माणसांत वाढण्यासाठी आपण काय ठेवले आहे? पूर्वी हे काम अंगण करीत असे, आणि ते फुकट असल्यामुळे त्याची किंमत आम्हांस कळली नाही.

लगोरी, विटीदांडू, लंगडी, सूरपारंब्या, गोट्या हे खेळ आठवून पाहा. खेळ सुरू होण्याआधीच अर्धी संध्याकाळ भांडणात जाई. राज्य कोणावर? रेघ कोठे? विटी गटारात गेली तर डाव धरावयाचा की नाही? पंच नसे, आणि वडील माणूस मध्ये पडलेले कोणास आवडत नसे. जो रडीचा डाव खेळे, त्यास दुसऱ्या दिवशी कोणी घेत नसे. म्हणून तो तिसऱ्या दिवशी शिस्तीत येई. झाँ पियाजे या स्वित्झर्लंडच्या पंडिताने मुलांच्या नीतिविचारावर १९३२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यासाठी तो गोट्या खेळणाऱ्या मुलांजवळ जाऊन बसे व त्यांस विचारी की, हे नियम कोणी केले, आणि ते बदलता येतील काय? लहान मुले म्हणत की, नियम वडिलांचे आहेत, ते बदलणे पाप आहे. दहा-बारा वर्षांची मुले म्हणत की, सर्वांची कबुली असेल तर बदलता येतील. म्हणजे न्याय काय, कबुली काय, हे ती मुले गोट्यांतून शिकली होती. यंत्रातील खेळात नियम यंत्राच्या पोटात असतो. तेथे हुज्जत घालावयास कोणी नाही, आणि समजूत काढावयासही कोणी नाही. आपल्या मुलाचे सोबती त्यास उठवावयास येतात हे खरे. परंतु त्यांच्याशी भांडण झाले तर तो एक बटण दाबून दुसरे सोबती घेतो. रुसलेल्या मित्राच्या दारात जाऊन उभे राहण्याचे काम त्यास कधीच पडत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या अंगणात होती, तिचे आम्हांस फार नवल वाटते. थोरली मुले खेळत असता कोणाचा तरी पाच वर्षांचा भाऊ येऊन उभा राही. त्यास धावता येत नसे, नेम येत नसे. मग मुले म्हणत, "हा कच्चा लिंबू." कच्च्या लिंबावर राज्य येत नसे, तो बाद होत नसे, पण तो खेळात असे, सर्वांबरोबर धावे, ओरडे, जिंकल्याचा आनंद करी, आणि एके दिवशी कोणाच्या न कळत पक्का होई. ही रीत कोणा पाळकाने घालून दिली नव्हती. मुलांनी आपल्या बुद्धीने दुबळ्यासाठी जागा केली होती. आमची रविवारची शाळा तिला पोहोचली नाही. अडखळणाऱ्या मुलास आम्ही कच्चा लिंबू केला असता, चार मुलांबरोबर मिळून वचन म्हणावयास लावले असते, तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनातून जात नाही. मुलींची गोष्ट तर याहून निराळी. त्यांच्या हाती मोबाइल क्वचितच येतो, म्हणून कित्येक बाप निश्चिंत असतात; परंतु त्यांच्या वाट्यास अंगणही येत नाही. पाणी, भाकरी, धाकटे भावंड, यांतच त्यांची संध्याकाळ जाते. झिम्मा-फुगडी वर्षाच्या सणाची राहिली.

मना करून हा प्रश्न सुटेल काय? राज्यकर्त्यांनी तसा यत्न केला आहे. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालील मुलांस मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत हे खेळ बंद केले, आणि दहा वर्षांनी तो कायदा आपणच रद्द केला. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांस शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच तास दिला. आपल्या सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये पबजी हा खेळ बंद केला. तो राष्ट्राच्या सुरक्षेच्या कारणाने बंद झाला होता, मुलांकरिता नव्हे, आणि पुढच्याच वर्षी त्याचा भाऊ दुसऱ्या नावाने आला. तोही एकदा बंद होऊन २०२३ साली पुन्हा सुरू झाला, तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाचे ३ तास अशी मर्यादा होती. मुले बापाचा क्रमांक घालून ती ओलांडतात, हे आम्हांस आमच्याच मुलाने सांगितले. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाने २०२२ साली अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाइल वापरू नये असा ठराव केला. त्या गावकऱ्यांची कळकळ आम्ही जाणतो. तरी मुलाच्या हातातून काढून घ्यावयाचे आणि आपल्या हातात तसेच ठेवावयाचे, यात मुलास न्याय दिसणे कठीण आहे.

म्हणून सांगली जिल्ह्यातील, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने जे केले ते आम्हांस अधिक आवडले. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, पाठ मोबाइलवर आले, आणि मोबाइल मुलांच्या हाती कायमचा राहिला. शाळा उघडल्यावर मुलांचे अभ्यासात लक्ष लागेना. तेव्हा २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठरविले की, संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजावा, आणि साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद असावेत. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. आरंभी आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे नोकर व निवृत्त शिक्षक दारोदार फिरून लोकांस समजावीत. यातील मर्म असे की, भोंगा मुलांसाठी वाजत नव्हता, घरासाठी वाजत होता. बापाचा मोबाइलही बंद, आईची मालिकाही बंद. कोणी म्हणेल की, भोंगा देवळावरचा, आपल्यास त्याचे काय? आमचे उत्तर असे की, आपल्या प्रार्थनामंदिरावर घंटा आहे, आणि ती आठवड्यातून सहा दिवस मुकी असते.

जखऱ्या संदेष्ट्याने ओसाड पडलेले यरुशलेम पुन्हा वसलेले पाहिले, तेव्हा त्याच्या दृष्टीस काय पडले, ते त्याच्या आठव्या अध्यायात आहे. हाती काठी घेतलेले म्हातारे व म्हाताऱ्या चौकात बसल्या आहेत, आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत. म्हातारी माणसे व मुले एकाच रस्त्यावर आहेत, ही गोष्ट आम्ही पूर्वी लक्षात घेतली नव्हती.

मरीया व योसेफ यांस मूल नाही हे कळले, तेव्हा त्यांनी काय केले? पुढे नासरेथास जाऊन बसली नाहीत. चाललेली वाट पुन्हा उलटी चालली. शोधण्यात दिवस गेले. आणि सापडल्यावर आईने प्रथम प्रश्न विचारला, तो मनातल्या दुःखासह विचारला; मुलाचे उत्तर त्यांस समजले नाही, तरी तिने ते मनात ठेवले. आईबापांनो, तुमच्या मुलाच्या खेळाविषयी त्याने दिलेले उत्तर तुम्हांस समजणार नाही. आम्हांसही प्रथम समजले नव्हते. तरी त्याच्याजवळ एक डावभर बसा, त्याच्या सोबत्यांची नावे विचारा. कोणी परका मनुष्य त्याच्याकडे फोटो किंवा पैसे मागतो काय, हेही त्याच बसण्यात कळेल. दरडावून विचारल्याने कळणार नाही. दोन ते चार वर्षांच्या लेकरास पडद्यासमोर तासाहून अधिक बसवू नये, आणि त्याहून लहानास बसवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. घास भरविताना मोबाइल हाती देण्याची जी चाल पडली आहे, ती तेथेच मोडावी. आणि उपदेशक बंधूंनो, आपल्या वर्गात येत नाही अशा मुलाच्या घरी जाल, तेव्हा पोटदुखीचे कारण ऐकून परत फिरू नका.

आमच्या मुलाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. बापाने दोन महिन्यांनी जुना मोबाइल दुरुस्त करून आणला; रोज दोन डाव, ते जेवणाआधी, असे त्यांचे ठरले आहे, आणि कधी कधी तीन होतात. आम्ही त्याच्याजवळ जाऊन त्या दिवशीच्या हसण्याची क्षमा मागितली. त्यास तो दिवस आठवत होता. आम्ही कोणता सदरा घातला होता, हेसुद्धा आठवत होते.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही शनिवारी संध्याकाळी पाच वाजता प्रार्थनामंदिराची घंटा वाजवून आवार मुलांसाठी उघडू लागलो. लगोरीच्या चकत्या फुटक्या कौलांच्या केल्या. पहिल्या शनिवारी तीन मुले आली, त्यांत दोघे शेजारच्या वस्तीतले होते. दुसऱ्या शनिवारी नऊ. मुली प्रथम भिंतीपलीकडून पाहत. आता त्यांची लंगडी वेगळी चालते, आणि त्या मुलांस घेत नाहीत. चौथ्या शनिवारी तो आला. आवाराच्या भिंतीवर बसून मान खाली घालून खेळत राहिला. चेंडू दोनदा त्याच्याजवळ गेला, आणि दोन्ही वेळा त्याने तो पायाने परत केला. मोबाइल ठेव असे आम्ही म्हटले नाही.